वाराणसीतील भाड्याचे घर : करार, अनामत आणि ताबा

2011 च्या जनगणनेनुसार नागरी भारतातील सुमारे 27.5 टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती आणि त्याच वेळी शहरांतील सुमारे 1.1 कोटी घरे रिकामी होती. घरांची टंचाई असताना इतकी घरे कुलूपबंद का राहावीत? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर भाडेकायद्यांच्या इतिहासात सापडते आणि वाराणसी हे त्याचे बोलके उदाहरण होय.

उत्तर प्रदेशात 1972 चा भाडेनियंत्रण कायदा जवळजवळ अर्धे शतक लागू होता. त्यानुसार रिकामी झालेली जागा कोणाला द्यावी, हेसुद्धा जिल्हाधिकारी वाटपाच्या आदेशाने ठरवू शकत असे. भाडे वाढवणे व भाडेकरूला हलवणे, दोन्ही अवघड. भाडेकरूला संरक्षण मिळाले हे खरे. परंतु ते आधीच घरात असलेल्याला मिळाले. नव्याने घर शोधणाऱ्याच्या वाट्याला बंद दारे आली. एकदा दिलेली जागा परत मिळेल याची खात्री नसल्याने मालकाला ती रिकामी ठेवणेच सोयीचे वाटे.

हा कायदा रद्द करून राज्याने 11 जानेवारी 2021 पासून नागरी जागांच्या भाडेव्यवहाराचे नियमन करणारी नवी व्यवस्था आणली. त्याच वर्षी 2 जून रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्यास मंजुरी दिली. घरभाडे हा राज्यांच्या कक्षेतील विषय मानला जात असल्याने केंद्राचा मसुदा केवळ नमुना ठरतो, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

काशी हिंदू विद्यापीठाच्या परिसरात, लंका, नगवा किंवा अस्सी भागात खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नव्या कायद्याचा अर्थ असा : करार लेखी हवा. निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. अनिवासी जागेसाठी ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. वाद झाला तरी मालकाला वीज किंवा पाणी तोडता येत नाही. मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवता येत नाही. खर्च वाटून घेण्यासाठी मित्राला खोलीत आणणारे विद्यार्थी नेमकी हीच अट विसरतात. राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात असलेले बरे. मुदत संपल्यावरही ताबा न सोडणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि त्यानंतर चौपट भाडे द्यावे लागते. तंटे दिवाणी न्यायालयाऐवजी भाडे प्राधिकरणापुढे आणि अपिले न्यायाधिकरणापुढे चालतात.

करारावर सही करणारी व्यक्ती भाड्याने देण्यास खरोखर अधिकारी आहे काय, हा प्रश्न मात्र कायद्याआधीचा आहे. घाटांलगतच्या पक्के महालात वडिलोपार्जित वाड्यांचे अनेक वारस असतात. एकाने भाडे घ्यावे व दुसऱ्याने हरकत घ्यावी, असे घडू शकते. म्हणून मालकीचा कागद किंवा सहवारसांची संमती आधी पाहावी. भाडे शक्यतो बँकेमार्फत द्यावे, पावती जपावी. काशी विश्वनाथ धाम प्रकल्पासाठी (लोकार्पण 13 डिसेंबर 2021) तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या. दुकानदार, भाडेकरू व घरमालक मिळून सुमारे 1400 जणांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आला. अशा प्रसंगी भाडेकरूला आपला संबंध कागदानेच दाखवावा लागतो.

अकरा महिन्यांच्या कराराचे मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. त्याच्या कलम 17 नुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे; ती व मुद्रांक शुल्काचा खर्च टाळण्यासाठी ही मुदत रूढ झाली. नोंदणी टळते, पण पुराव्याचे बळही कमी होते. अनामत परत मागताना त्याची किंमत बहुधा भाडेकरूच मोजतो.

महाराष्ट्रात स्थिती निराळी आहे. येथे मालक पुष्कळदा भाडेपट्ट्याऐवजी परवाना देतो. भाडेपट्ट्यात जागेच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. परवान्यात केवळ वापराची अनुमती असते. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार दोन्ही प्रकारचे करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असावे लागतात. नोंदणीची जबाबदारी मालकावर असून लेखी नोंदणीकृत करार नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.