शेजारच्या प्लॉटमधले रान काढायचे कोणी?

प्रश्न : गोव्यातल्या चोपड्यात आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मालक मुंबईला. पावसाळ्यात तिथे रान माजते, येणारे-जाणारे कचऱ्याच्या पिशव्या भिरकावतात, साप निघतात. जमीन खासगी असल्याने कोणीच काही करू शकत नाही, असे सगळे सांगतात. हे खरे का? आम्हीच एकदा पेटवून दिले तर?

उत्तर : आधी काडेपेटी खाली ठेवा. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात 5,000 रुपये आणि मोठा ढीग पेटवल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. म्हणजे रान मालकाचे आणि भुर्दंड तुम्हाला!

आता खासगी जमिनीचे. जमीन खासगी असली तरी तिच्यातून होणारा त्रास कुंपणापाशी थांबत नाही. आसपास राहणाऱ्या लोकांना सामाईक इजा, धोका किंवा त्रास पोहोचवणारी कृती हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 नुसार सार्वजनिक उपद्रव आहे. नुसती कृतीच नव्हे, कायद्याने करायला हवे ते न करणेही त्यात येते. त्यामुळे ‘मी काहीच केले नाही’ हे मालकाचे उत्तर दर वेळी पुरत नाही. दंड मात्र फार तर 1,000 रुपये. त्याच्या धाकाने मुंबईहून कोणी धावत येणार नाही.

म्हणून दार दुसरे ठोठावावे. पहिला अर्ज आगरवाडा-चोपडे पंचायतीला द्या, कारण गावची स्वच्छता हे पंचायतीचे काम आहे. डास होत असतील तर त्याची प्रत आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. 1985 च्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याने त्यांना अधिकार दिले आहेत. एवढ्याने हालचाल झाली नाही, तर पेडण्याच्या उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 133) ते दंडाधिकारी या नात्याने ‘उपद्रव दूर करा, नाहीतर का करणार नाही ते येऊन सांगा’ असा आदेश काढू शकतात. हे कलम दिसते तेवढे लेचेपेचे नाही. रतलामच्या नगरपालिकेने गटारांसाठी पैसा नाही अशी सबब सांगितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये याच जुन्या कलमाच्या आधारे ती फेटाळली.

अर्जात काय लिहावे? सगळे सापाने सुरुवात करतात. ऐकायला तो सर्वांत जबर मुद्दा, पण कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कच्चा. गोव्यात साप कुठे नाही? कचऱ्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. तेव्हा जोर कचऱ्यावर द्या. करवंट्या, टायर, पिशव्यांत साचलेले पाणी, वाटेवर आलेली झुडपे यांचे तारीखवार फोटो जोडा. एकट्याची तक्रार शेजाऱ्यांचे भांडण वाटते. वाड्यावरच्या चार-पाच घरांच्या सह्या असल्या की त्रास सामाईक आहे हे दिसते.

झाडांचे प्रकरण वेगळे. झुडपे काढणे एक, झाड तोडणे दुसरे. गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते. (माडाला 2016 मध्ये या कायद्यातून वगळले होते, पुढच्याच वर्षी तो परत आला, तोही राज्यवृक्ष होऊन!) पडायला आलेले झाड मात्र कलम 152 मध्ये स्पष्टपणे येते.

मालक नेमका कोण, हा आपल्याकडचा खरा गुंता. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर पुष्कळदा आजोबांच्या पिढीची नावे असतात आणि वारसांची वाटणी झालेलीच नसते. अशा वेळी एका नावामागे न लागता सर्व्हे नंबर घालून उताऱ्यावरच्या सर्वांविरुद्ध अर्ज करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.

अर्ज पावसाआधीच द्या. एप्रिलमधल्या रविवारच्या ग्रामसभेत विषय मांडलात, तर तो इतिवृत्तातही नोंदवून घ्या.