पंढरीच्या महाद्वारापाशीं

गर्दीच्या देवळांत मुलांबाळांसह जातांना बहुतेकांचें सारें लक्ष गाभाऱ्याकडे असतें. पंढरपुरास मात्र मुलांनीं आधीं महाद्वारापाशीं क्षणभर थांबावें. तेथील पहिली पायरी नामदेवांची. संतांच्या पायांची धूळ आपणांस लागावी म्हणून त्यांनीं येथें समाधि घेतली, अशी परंपरा आहे. तरी वारकरी तीवर पाय देत नाहीं. हात लावून तो मस्तकीं नेतो व पायरी ओलांडतो. मूल कडेवर घेतलेली आईहि तितक्याच जपून पाऊल उचलते.

पायरीसमोर चोखोबांची समाधि आहे. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्यें ते वारले. विठोबाच्या चरणांवर कोणाहि भाविकास मस्तक ठेवितां यावें, हें या देवळाचें मोठें भूषण. परंतु चोखोबा महार, म्हणून ते बाहेरच राहिले, आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांसहि पुढें कित्येक शतकें दार बंदच होतें. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरांत दहा दिवस उपोषण केलें, तेव्हां तें उघडण्याचें मान्य झालें. (आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्यांतून तरी जात समूळ गेली आहे, असें छातीवर हात ठेवून म्हणतां येत नाहीं.)

आषाढीस चरणदर्शनाची रांग फार लांबते. लहान मुलें बरोबर असल्यास दुरून मुखदर्शन घेणें सोयीचें. चोखोबांच्या समाधीसाठीं मात्र रांगेंत उभें राहावें लागत नाहीं; ती रस्त्यावरूनच दिसते.