जागा आधी, नाव नंतर

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीचं पुस्तक हातात आलं की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं, सहाशेच्या वर स्नायू, मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हच्या १२ जोड्या आणि पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या ३१. बीएस्सीच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला यासाठी ६० तास मिळतात. जीएनएमला येणाऱ्या कितीतरी मुली तर बारावी कला शाखेच्या असतात. जीवशास्त्राशी त्यांची शेवटची गाठ दहावीत पडलेली. मी त्यांतलीच एक, तीही मराठी माध्यमाची. त्यामुळे हे सगळं पाठ कसं व्हायचं ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. वॉर्डात बरीच वर्षं काढून आता मी विद्यार्थिनींना शिकवते आणि दर नव्या बॅचला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते : परीक्षेत तुम्हाला अवयवाचं नाव विचारतील, पण पेशंटच्या अंगावर कुठेही नाव लिहिलेलं नसतं. तिथे जागा शोधावी लागते आणि ती बोटांनी शोधावी लागते.

आम्हाला शरीर शिकवलं गेलं ते कागदावर. वर्गात नोट्स उतरवून घ्यायच्या, जर्नलमध्ये मागच्या बॅचच्या जर्नलवरून आकृत्या काढायच्या, धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. हृदयाची आकृती काढून नावं द्या, मूत्रपिंडाचा छेद काढा, हे प्रश्न ठरलेले. सांगाडा होता, पण काचेच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली ऑफिसात. प्रजनन संस्थेचा धडा आला की 'हे वाचून घ्या' म्हणून मॅडम पुढे सरकायच्या. या पद्धतीने मार्क मिळतात. आमच्या बॅचलाही बरे मिळाले. या शिक्षणात काय राहून गेलं, ते दुसऱ्या वर्षी लहान मुलांच्या वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर कळलं.

तिथे एका आईने चार-पाच वर्षांच्या मुलाला आणलं होतं. काही आठवड्यांपूर्वी त्याला ताप आला होता, बाहेर कुणीतरी कमरेत इंजेक्शन दिलं होतं. ताप उतरला, पण मुलगा पाऊल उचलेना. डावा पाय टाकताना गुडघा नको इतका वर घ्यायचा आणि पाऊल जमिनीवर थाडकन आपटायचं. त्या पायात चप्पल राहतच नव्हती. दोन पावलं टाकली की निसटायची आणि आई वाकून ती पुन्हा घालायची. तिने आम्हाला विचारलं, "सुई कमरेत दिली, मग पाऊल कसं पडलं?"

या प्रश्नाचं उत्तर पूर्ण ॲनाटॉमीचं आहे. सायटिक नर्व्ह ही शरीरातली सगळ्यात जाड नर्व्ह. ती ओटीपोटाच्या हाडातून मागे बाहेर पडते, नितंबाच्या खालच्या भागातून, मोठ्या स्नायूच्या आड, मांडीत उतरते. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना हुकूम पोहोचवणारे तंतू तिच्यातूनच जातात. सुई किंवा औषध त्या तंतूंत गेलं की दुखापत कमरेत होते आणि पाऊल खाली लटकतं. लहान, हडकुळ्या मुलाच्या नितंबावर स्नायूच थोडा, त्यामुळे ही नर्व्ह सुईच्या फार जवळ येते. म्हणूनच तान्ह्या बाळांना पेंटाव्हॅलंटसारख्या लसी मांडीच्या मधल्या भागात, पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. हे सगळं आम्ही शिकलो होतो. नर्व्हचं नाव, उगम, शाखा, सगळं जर्नलमध्ये पिवळ्या रंगात होतं. पण त्या मुलाच्या अंगावर ती नेमकी कुठून जाते हे दाखवा म्हटलं असतं, तर आमच्यातल्या एकीचंही बोट खात्रीने टेकलं नसतं.

वॉर्डाच्या परिसेविका जुन्या आणि कडक होत्या. त्या दिवशी ड्युटी संपल्यावर त्यांनी आम्हाला थांबवून घेतलं. ड्रेसिंग रूमचं दार लावून म्हणाल्या, "पुस्तकं बॅगेत ठेवा. एकमेकींची हाडं शोधा." आधी कमरेवर हात ठेवून उभं राहायला लावलं, हात टेकतो ती वरची कड, इलियाक क्रेस्ट. तिच्यावरून बोट पुढे नेलं की टोचणारं टोक लागतं. मग मांडीच्या वर, बाहेरच्या बाजूला तळवा दाबून पाय आत-बाहेर फिरवायला सांगितला. हाताखाली हलतो तो उंचवटा म्हणजे मांडीच्या हाडाचा ग्रेटर ट्रोकँटर. शेवटी कडक बाकावर बसवलं. ज्या दोन हाडांवर आपण बसतो ती खालची. सायटिक नर्व्ह त्या बसायच्या हाडाच्या आणि ट्रोकँटरच्या मधून खाली जाते. "आता सांगा, सुई कुठे नाही द्यायची?" त्यांनी विचारलं. सगळ्यांची बोटं बरोबर जागी गेली. तो धडा आम्ही कुणीच पुन्हा वाचला नसेल, आणि विसरलंही कुणी नसेल.

तेव्हापासून मी ॲनाटॉमी याच क्रमाने शिकत आणि शिकवत आले. तुम्हालाही हेच सांगते.

प्रत्येक धड्यातला जो भाग कातडीखाली हाताला लागतो, तो आधी स्वतःच्या अंगावर शोधा. छाती घ्या. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा आणि मधल्या हाडावरून खाली सरकवा. साधारण ५ सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याला लागून जी बरगडी आहे ती दुसरी आणि तिच्याखालची जागा दुसरी इंटरकोस्टल स्पेस. पहिली बरगडी कॉलरबोनच्या आड असते, म्हणून वरून मोजायला गेलात की हमखास गल्लत होते. या उंचवट्यावरून मोजा. ईसीजीचे लीड लावायचे तर चौथ्या जागेत, हाडाला लागून उजवीकडे व्ही वन, डावीकडे व्ही टू. पाचव्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यावरून सरळ खाली व्ही फोर. ईसीजी काढताना व्ही वन आणि व्ही टू अंदाजाने वर लावले जातात, हे आजही वॉर्डावॉर्डांत दिसतं. त्याने आलेख बदलतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. बरगड्या मोजायला अर्धं मिनिट लागतं.

हाताचंही तसंच. कोपराच्या खळग्यात आधी बायसेप्सचा कंडरा चिमटीत धरा. त्याच्या आतल्या बाजूला धडधडते ती ब्रेकियल धमनी, तिच्याही आत मीडियन नर्व्ह. बीपी घेताना स्टेथोस्कोप त्या धडधडीवर हवा. रक्त काढताना मात्र उलट : आधी धडधड कुठे आहे ते बघा आणि सुई तिथून दूर ठेवा. दंडावर इंजेक्शन देताना खांद्याचं टोक शोधा, त्याच्याखाली दोन-तीन बोटं सोडा आणि डेल्टॉइडच्या फुगीर भागात द्या. फार खाली किंवा मागे गेलात तर तिथे दुसऱ्या नर्व्ह आहेत. कमरेला द्यायचं असेल तर व्हेंट्रोग्लुटियल जागा शिकून घ्या. पेशंटच्या उजव्या बाजूसाठी तुमचा डावा तळवा ट्रोकँटरवर, तर्जनी पुढच्या टोचणाऱ्या टोकावर, मधलं बोट कडेच्या दिशेने फाकवलेलं. दोन बोटांच्या मधल्या त्रिकोणात मोठी नर्व्ह नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. वीज गेल्यावर आपल्या घरात काडेपेटी कुठे आहे हे हाताला ठाऊक असतं, तशा या जागा हाताला ठाऊक व्हायला हव्यात.

दुसरी गोष्ट, हाडं कपाटातून बाहेर काढायला लावा. किल्ली मागा, पुन्हा मागा, मॅडमना विनंती करा. हाड टेबलावर ठेवून त्याची नावं घोकू नका. ते स्वतःच्या अंगाला लावून बघा. खांद्याचं पातं मैत्रिणीच्या पाठीवर धरा, मांडीचं हाड स्वतःच्या मांडीवर. उजवं की डावं हे एकदा असं ठरवता आलं की व्हायवात ते आठवावं लागत नाही. आकृतीसुद्धा बघून उतरवू नका. पुस्तक मिटून काढा, मग उघडून लाल पेनने दुरुस्त करा. ती आकृती देखणी दिसणार नाही, पण ती तुमची असेल. मोबाइलवर शरीर फिरवून दाखवणारी ॲप्स आहेत, तीही जरूर वापरा. आतला अवयव कशाच्या मागे दडलाय हे त्यांत छान दिसतं. मात्र स्क्रीनवर बघितलेलं त्याच दिवशी अंगावर शोधा.

तिसरी गोष्ट, प्रत्येक धड्याला वॉर्डातलं एक तरी काम बांधा. पचनसंस्था वाचताना राइल्स ट्यूब हातात घ्या : नाकाचं टोक, कानाची पाळी, छातीच्या हाडाचं खालचं टोक, असं माप का घेतो ते स्वतःवर धरून बघा. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे आहे, म्हणून एनिमाला पेशंटला डाव्या कुशीवर वळवतात. श्वसनसंस्था वाचताना लक्षात घ्या की उजवा ब्राँकस डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभा असतो. लहान मुलाने श्वासात ओढलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे जातो, आणि श्वासाची नळी जास्त आत सरकली तर तीही तिकडेच जाऊन डावं फुप्फुस उपाशी राहतं. नळी घातल्यावर दोन्ही बाजूंना आवाज का ऐकायचा, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. बाळंतिणीचं गर्भाशय प्रसूतीनंतर बेंबीच्या आसपास घट्ट लागायला हवं. मऊ लागलं तर रक्तस्रावाचा धोका. वर आणि बाजूला सरकलेलं लागलं तर मूत्राशय भरलंय का ते आधी बघा, कारण ते दोन्ही शेजारी आहेत.

ज्या धड्यावर वर्गात सगळे माना खाली घालतात, तो वगळू नका. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्याचं तोंड योनीमार्गाच्या वर. पुरुषाचा जवळपास २० सेंटिमीटरचा आणि वळणावळणाचा. म्हणून कॅथेटर पूर्ण आत जाऊन लघवी दिसल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही. नाहीतर तो मूत्रमार्गातच फुगतो आणि इजा होते. वर्गातली लाज पुढे पेशंटला भोगावी लागते. लाज तुमची राखायची नाही, त्याची राखायची आहे : पडदा ओढा, काय करणार ते सांगा, परवानगी घ्या, लागेल तेवढंच अंग उघडं ठेवा. मैत्रिणीच्या अंगावर सराव करतानाही तिला आधी विचारा. न विचारता कुणाच्या अंगाला हात न लावण्याची सवय इथूनच लागते.

पुस्तकातलं शरीर एका सरासरी तरुण माणसाचं असतं. वॉर्डात तसा माणूस क्वचितच येतो. म्हाताऱ्या आजींची शीर दिसते पण बोटाखालून सरकते. स्थूल माणसाला आखूड सुईने दिलेलं इंजेक्शन चरबीतच राहतं. तान्ह्या बाळाची टाळू बोटाला लागते. पुढची साधारण दीड वर्षापर्यंत भरते. आई 'टाळू खोल गेलीय' म्हणाली तर तिचं बोलणं मनावर घ्या, बाळाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण असू शकते. म्हणून संधी मिळेल तेव्हा वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या बांध्याच्या माणसांवर जागा शोधून बघा.

कॉलेज तुम्हाला डिसेक्शन हॉलमध्ये नेईल तेव्हा घाबरू नका. फॉर्मलीनने डोळे चुरचुरतील, पाणी येईल. बाहेर जाऊन चेहरा धुवा आणि परत या. बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद १९४९च्या बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्टने केली. पुढे देहदानाची चळवळ रुजली आणि अनेक कुटुंबांनी आपलं माणूस अंत्यसंस्कारांशिवाय इथे पाठवलं. तिथे फोटो काढू नका, हसू नका. पुस्तकात शेजारीशेजारी छापलेले अवयव प्रत्यक्षात एकमेकांवर कसे रचलेले असतात, हे दुसरीकडे कुठे एवढं स्पष्ट दिसत नाही. जवळ जा आणि बघा.

पेपर झाला म्हणून विषय संपला असं समजू नका. वॉर्डात तुम्हाला घाई असेल, एका बाजूला दहा इंजेक्शनं भरलेली असतील, नातेवाईक हाका मारत असतील. अशा वेळी जागा सापडली नाही तर सुई खाली ठेवा. "सिस्टर, मला जागा लागत नाहीये, दाखवता का?" असं मोठ्याने विचारा. कुणी रागावलं तरी विचारा. विद्यार्थी असताना तो तुमचा हक्क आहे आणि नर्स झाल्यावर तुमचं कर्तव्य.