दाव्याची गाठ : मजबूत, सुबक आणि जनावराला निर्धोक

जनावराच्या चाऱ्याचा आणि औषधपाण्याचा आपण नीट विचार करतो. त्याच्या गळ्यातील दाव्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पण दावे सैल पडले तर जनावर सुटते आणि चुकीचे बांधले तर त्याचा गळा आवळतो. भांडुपसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात सुटलेली म्हैस काही मिनिटांत लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा रेल्वेच्या रुळांवर पोहोचू शकते. गावाकडे ती शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरते. म्हणून दाव्याची गाठ शास्त्रशुद्ध असावी.

नियम एकच

गळ्याला निरगाठ, खुंट्याला सुरगाठ. गळ्यात सरकता फास कधीही घालू नये. जनावर बिथरून ओढू लागले की फास घट्ट होतो, आणि जितके ते ओढते तितका जास्त आवळतो. याउलट एका टोकाला डोळा आणि दुसऱ्या टोकाला बोंडासारखी गाठ असलेले दावे गळ्यात घातल्यास त्याचा घेर कायम राहतो. खुंट्याची गाठ मात्र टोक ओढताच सुटणारी हवी. गोठ्याला आग लागली किंवा जनावर अडकून पडले तर विळा शोधायला वेळ नसतो.

साहित्य

करंगळीएवढ्या जाडीचा (सुमारे १२ मि.मी.) तिपेडी दोर घ्यावा. ताग व अंबाडीचा दोर हाताला मऊ लागतो, परंतु कोकणातील पावसाळ्यात व गोमूत्राने लवकर कुजतो. काथ्या पाण्यात टिकतो, पण खरखरीत असल्याने गळ्याशी त्यावर सुती कापड गुंडाळावे. नायलॉन मजबूत असले तरी गुळगुळीत असते. त्याची गाठ सैल पडते आणि बारीक दोर कातडीला काचतो. नायलॉनच वापरायचे असल्यास पेडांची टोके वितळवून घ्यावीत.

लांबी ठरवताना गळ्याचा घेर मोजून चार बोटे ढिलाई धरावी. त्यात गाठीसाठी एक हात, डोळा विणण्यासाठी एक हात आणि डोळ्याच्या घेरासाठी एक वीत मिळवावी.

बोंडगाठ बांधण्याची रीत

१. टोकापासून हातभर अंतरावर सुतळीने दोर करकचून बांधावा. तेथपर्यंत पेड उलगडावेत व प्रत्येक पेडाचे टोक दोऱ्याने बांधावे. पेडांना क, ख, ग अशी नावे द्यावीत.

२. दोर डाव्या मुठीत उभा धरावा. क पेड बाहेरून वळवून ख च्या मुळाशी आणावा. ख हा क च्या टोकाखालून घेऊन ग च्या मुळाशी आणावा. ग हा ख च्या टोकाखालून घेऊन क च्या वळशातून खालून वर काढावा. तिन्ही टोके हलके ओढावीत. ही गाठीची बैठक झाली.

३. आता त्याच दिशेने वरचा मुकुट करावा. क आडवा टाकावा, ख त्याच्या टोकावरून न्यावा, ग हा ख वरून नेऊन क च्या वळशात वरून खाली घालावा.

४. प्रत्येक टोक आता बैठकीतील एका पेडाशेजारी येते. त्या पेडाला चिकटून, त्याच्या बाहेरच्या अंगाने, टोक त्याच्याच वाटेने फिरवावे. बैठक दुहेरी झाली की मुकुटही तसाच दुहेरी करावा. जागा करण्यासाठी टोकदार लाकडी काडी वापरावी.

५. शेवटी टोके गाठीच्या पोटातून खाली काढावीत. घट्ट करताना एकच पेड एकदम ओढू नये. सुरुवातीपासून थोडी थोडी ढिलाई काढत दोन-तीन फेऱ्या कराव्यात. मग उरलेली टोके कापावीत.

पेड दुहेरी झाल्याने गाठ वेणीसारखी गोल दिसते. जहाजावरील खलाशी शिडीच्या आधारदोरांच्या टोकांना हीच गाठ मारीत. इंग्रजीत ती मॅनरोप नॉट म्हणून ओळखली जाते. क्लिफर्ड अ‍ॅश्ले यांच्या १९४४ सालच्या गाठींवरील प्रसिद्ध ग्रंथातही ती आहे. पोळ्यासाठी किंवा बेंदरासाठी सजवायची असल्यास पेडांसोबत रंगीत सुती नाडी फिरवावी. गोंडे मात्र बोंडाच्या देठाला बांधू नयेत. ते डोळ्यात अडकतात.

डोळा आणि खुंटा

दुसऱ्या टोकाचे पेड उलगडून दोर बोंडाभोवती दुमडावा आणि तिन्ही पेड दोराच्या पिळाविरुद्ध, एकाआड एक, किमान तीन वेळा ओवावेत. बोंड डोळ्यातून अंगठ्याने दाबूनच जावे. सहज जात असेल तर डोळा लहान करावा. गळ्यातील दाव्याला लांब दोर निरगाठीने जोडावा. खुंट्याला वळसा देऊन मोकळे टोक दुमडावे आणि तो दुमडलेला भागच गाठीतून काढावा. टोक जनावराच्या तोंडापासून दूर ठेवावे.

देखभाल

आठवड्यातून एकदा दावे धुऊन उन्हात वाळवावे. डोळ्याजवळचे पेड झिजले असतील तर दावे बदलावे. वासराचा गळा लवकर भरतो, म्हणून दर पंधरवड्याला चार बोटे घालून ढिलाई पाहावी. बोटे जात नसतील तर त्याच दिवशी नवे दावे करावे. जुने लहान वासराच्या कामी येते.