सावलीकरितां कोणतें झाड लावावें?

अंगणांत झाड लावितांना आपण बहुधा एकच गोष्ट विचारतों कीं, तें लवकर वाढेल काय? विचारावयाचें तें हें कीं, वैशाखांत त्यावर पानें असतील काय? रोपास पहिले दोन उन्हाळे पाणी घालावें लागतें, आणि आमच्या कोरड्या गांवांत तें पाणी घरांतील स्त्रियांच्या डोक्यावरून येतें. तें कोणत्या झाडास घालावयाचें, हें आधींच ठरविलेलें बरें.

ह्या कसोटीस गुलमोहर उतरत नाहीं. तो मूळचा मादागास्करचा. लवकर वाढतो, आणि फुलला म्हणजे डोळे निवतात, हें खरें. परंतु कोरड्या हवेंत ऐन उन्हाच्या तोंडीं त्याची पानें झडतात व वाळक्या शेंगा तेवढ्या खडखडत राहतात. मुळें उथळ, लांकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यांत फांद्या मोडतात. नीलगिरी उंच होते, पण तिची सावली ती काय!

कडुनिंबाची पानगळ फाल्गुनाच्या सुमारास होते आणि चैत्रांत तो नव्या पालवीनें भरून येतो. त्याचीं मुळें खोल जातात, म्हणून अहिल्यानगर, बीड, सोलापूर ह्या जिल्ह्यांतील मुरमाड जमिनींतहि एकदां धरला म्हणजे टिकतो. करंजहि उन्हाळ्यांतच तजेलदार होतो, आणि शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. चिंचेची छाया दाट, पण वाढ फार मंद. ती नातवंडांकरितां लावावी. वड-पिंपळ घरापासून व विहिरीपासून दूर असावेत. त्यांचीं मुळें बांधकाम उकलतात.

आतां जागा. आमच्या भागांत मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य भर दुपारीं अगदीं डोक्यावर असतो. भिंती तापतात त्या त्यानंतर, पश्चिमेच्या उन्हानें. म्हणून झाड घराच्या पश्चिमेस, भिंतीपासून 15 ते 20 फुटांवर लावावें.

निंबोळी जून-जुलैंत पिकते. ती डब्यांत जपून ठेवणें व्यर्थ होय, कारण थोड्याच आठवड्यांत तिची उगवणशक्ति जाते. गर धुवून त्याच आठवड्यांत पेरावी. पावसाळ्यांत समारंभानें दहा रोपें लावून मेपर्यंत एकहि न उरणें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. त्यापेक्षां दोनच लावावीं. भोंवतीं बोरी-बाभळीचे कांटे घालावे, व बुडाशीं एक भाजलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून तें पाण्यानें भरून झांकावें. पाणी हळूहळू पाझरून मुळांसच पोहोंचतें, आणि घागरींची एखादी खेप वांचते.