गाडीचा ताप : खरा आणि भासमान

तर्कशास्त्राच्या पुस्तकांत अनुमानासाठी डोंगर, धूर आणि अग्नी यांचेच उदाहरण वर्षानुवर्षे चालत आले आहे. वाफेला धूर समजून अग्नीचे अनुमान केल्यास तो हेत्वाभास ठरतो, असेही आपल्या जुन्या तार्किकांनी बजावून ठेवले आहे. त्याच जातीचे एक अलीकडचे उदाहरण म्हणजे कसारा घाटात बॉनेट उघडून उभी असलेली मोटार. काटा लाल खुणेला टेकला, म्हणजे इंजिन तापले, असे चालक तात्काळ ठरवून टाकतो. परंतु काटा म्हणजे इंजिन नव्हे.

इंजिनाच्या पाण्यात एक सेंडर बसविलेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि काटा वर सरकतो. आता त्याची वायर घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर रोध जवळजवळ शून्य होऊन काटा टोकाला जाणार. मग इंजिन थंडगार का असेना! रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवताच काटा लाल झाला, तर दोष विजेचा आहे. जुन्या गाड्यांत अशा वेळी सेंडरवरची वायर काढून पाहावी. काटा उतरला तर सेंडर बिघडलेला. न उतरला तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली मांडलेली व्यतिरेक-पद्धती ती हीच. (नव्या गाड्यांत मध्ये संगणक असतो, तेथे हा प्रयोग करू नये.)

याच्या उलट भास अधिक घातक. पाणी गळून गेले की सेंडर कोरडा पडतो, काटा खाली येतो, चालक निःश्वास टाकतो, आणि इकडे ॲल्युमिनियमचे हेड वाकू लागते.

ताप खरा असेल तर तो केव्हा चढतो, हे विचारावे. गर्दीत उभे असता चढतो आणि वेगात उतरतो, तर पंख्याकडे पाहावे; धावताना वाऱ्याचा झोत पंख्याचे काम करीत असतो. वेगात वा चढावर चढत असेल, तर रेडिएटर चोंदला असावा किंवा पाणी कमी असावे. इंजिन तापलेले, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप गार, असे आढळल्यास थर्मोस्टॅट अडकला असण्याचा संभव मोठा. हा झडपेसारखा भाग साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडावयास हवा.

रेडिएटरच्या झाकणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. ते पाण्यावर वातावरणाहून सुमारे एक बार जादा दाब ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल झाले की काटा फारसा न वाढताही वाफ निघू शकते. आणि तापल्या गाडीचे झाकण फिरविले, तर दाब क्षणात उतरून ११० अंशांचे पाणी उसळत तोंडावर येते. बाटलीतले पाणी घेऊन धावणारे सहप्रवासी येथेच भाजतात. इंजिन बंद करावे, निदान अर्धा तास थांबावे, मगच जाड फडके धरून झाकण हळूहळू सोडावे. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, बीड तडकते.

बाहेर कोठे गळती नसता पाणी घटते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, ऑइल ताकासारखे पांढुरके दिसते, ही लक्षणे एकत्र आली तर हेड-गॅस्केट गेले असे धरावे. अशी गाडी पाणी भरून पुढे दामटू नये. टोचन करूनच गॅरेजला न्यावी.