भाजीभाकरी आणि घरातले प्रेम



गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी आमच्या घरी एक प्रसंग घडला. कॉलेजात जाणारा आमचा मुलगा रात्री जेवताना म्हणाला, "आजपासून मी मटण, मासे, अंडी खाणार नाही. दूधही नको. उपवासकाळापुरते नाही, कायमचे." आजी चकित झाली. "अरे, आपण ख्रिस्ती माणसे. आपल्यात असे कुठे असते?" आम्ही नवराबायकोही चिडून बोललो, "मग तुझ्यासाठी रोज वेगळे रांधायचे कुणी?"

दोन दिवसांनी आम्ही दुधीच्या भाजीत नेहमीप्रमाणे मूठभर सुकट टाकली. त्याला कळणार नाही असे वाटले. पहिल्याच घासाला त्याला कळले. तो काही न बोलता उठला, आणि त्यानंतर आपले ताट घेऊन आतल्या खोलीत जेवू लागला. टेबलावरची त्याची खुर्ची रिकामी राहिली. चूक आमची होती. त्या उपवासकाळात आम्ही पवित्र शास्त्र उघडून या विषयाचा अभ्यास केला. तोच आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

पवित्र शास्त्र काय शिकवते?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मानवाला अन्न म्हणून बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडे देतो (१:२९). मांसाची परवानगी येते ती जलप्रलयानंतर, नोहाच्या काळात (९:३). दानिएल व त्याचे तीन सोबती राजाच्या ताटातले अन्न नाकारतात आणि दहा दिवस फक्त भाजीपाला व पाण्यावर राहतात. दहा दिवसांनी ते इतरांपेक्षा सुदृढ दिसतात (दानिएल १). म्हणजे भाजीपाल्यावर जगणे आपल्या शास्त्राला परके नाही.

दुसरी बाजूही पाहू या. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४:४२-४३). मासे-मटण खाणे हे आपल्यासाठी पाप नाही. मग वाद कशाचा? संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात नेमका हाच वाद हाताळला आहे. त्या मंडळीत काही जण सर्व काही खात, काही जण फक्त भाजीपाला खात. पौल दोघांनाही बजावतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. आमच्या घरी दोन्ही चुका झाल्या होत्या. आम्ही मुलाला हसलो, आणि त्यानेही आजीच्या ताटातल्या बोंबलाकडे पाहून नाक मुरडले होते.

ख्रिस्तसभेची शिकवण

वर्षातला प्रत्येक शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार शुक्रवारी मांस, किंवा बिशप परिषदेने ठरवलेला दुसरा पदार्थ, वर्ज्य करावा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवासही करावा. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. मासे, अंडी, दूध यांना त्यात मनाई नाही. पण मटण सोडून त्याच दिवशी महागडा पापलेट आणला, तर नियम पाळला जातो आणि त्याग मात्र राहून जातो.

आपल्याकडे शाकाहार म्हटला की कुणाचा तरी धर्म किंवा जात आठवते, आणि मासे-मटण ही आपली ओळख वाटते. आजीच्या बोलण्यामागे ही भीती होती. पण आपली ओळख बाप्तिस्म्याने होते, ताटातल्या पदार्थाने नव्हे. हे समजल्यावर आजीच म्हणाली, "आपल्या लहानपणी तरी रोज मटण कुठे होते? वाल, अळू, शेवगा, हिरवी केळी, यांवरच तर वाढलो."

घरात कसे जमवावे?

१. वेगळा स्वयंपाक नको, क्रम बदलावा. डाळ, भात, भाकरी आणि एक भाजी सर्वांसाठी एकच असावी. मासळी असेल तर ती वेगळ्या भांड्यात करावी. आम्ही आता सुकट वेगळी भाजून ठेवतो. ज्याला हवी त्याने घ्यावी.

२. घरचा मसाला तोच ठेवावा. चणे, वाटाणे, वालाचे बिरडे त्याच मसाल्यात आणि नारळाच्या दुधात केले, तर जेवण परके वाटत नाही.

३. शरीराची काळजी घ्यावी. रोज डाळी-कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, नाचणी, पालेभाज्या असाव्यात. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. दूधही सोडणाऱ्याने ब जीवनसत्त्वातील बी-१२ डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीतून जरूर घ्यावे. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, आणि त्याच्या अभावाने रक्त व मज्जातंतूंना इजा होते.

४. ज्याने निर्णय घेतला त्याने कामातही हात लावावा. आमचा मुलगा आता रात्री कडधान्ये भिजत घालतो आणि रविवारी भाजी निवडतो. आईवर भार टाकून केलेला त्याग अपुरा असतो.

५. जेवणाआधी आणि नंतर प्रार्थना करावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात ही जुनी सवय पुन्हा लावून घेण्यास सांगितले आहे.

नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात (१५:१७) शलमोन सांगतो की, द्वेषाने वाढलेल्या मेजवानीपेक्षा प्रेमाने वाढलेली भाजी बरी. आम्ही त्यात एवढेच जोडू: ती भाजी सर्वांनी एकत्र बसून खावी. आमच्या टेबलावरची ती खुर्ची ईस्टरच्या आधीच पुन्हा भरली.

कुटुंबात चर्चेसाठी:

• आपल्या घरी शुक्रवार कसा पाळला जातो?
• कुणाच्या खाण्यावरून आपण कधी कुणाला दुखावले आहे का?
• या आठवड्यात सर्व मिळून भाजीचे एक जेवण करून वाचलेले पैसे गरजू कुटुंबाला देता येतील का?